शाईत शाई मिसळताना: साका न बसता हवा तो रंग कसा जमवायचा

फाउंटन पेनच्या दोन शाया मिसळून तिसरा रंग करणं हे काम दिसतं दहा मिनिटांचं, पण त्याला लागतात चार-पाच आठवडे. घोळ होतो तो इथेच. रंग पहिल्याच संध्याकाळी जमतो, म्हणून शाई लगेच पेनात जाते. चार दिवसांनी पेन अडखळायला लागतं आणि उघडून बघावं तर निब आणि जीभ (निबला खालून शाई पुरवणारा खाचांचा भाग) यांच्या मधे चिखल. दोष मात्र पेनला दिला जातो.

दोन शाया एकमेकींशी पटतात का, हे आधी बघायचं, रंग नंतर. खालचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत. त्यांचा क्रम बदलू नका.

## टप्पा १: कोणत्या शाया बाजूला ठेवायच्या

फाउंटन पेनची साधी शाई म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. मिसळायला अशाच शाया घ्यायच्या. पुढच्या चार प्रकारांना हात लावू नका.

१. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई. हिच्यात लाखेसारखा चिकट पदार्थ असतो आणि तो पेनात वाळला की पुन्हा विरघळत नाही. ही नुसतीसुद्धा फाउंटन पेनात भरायची नसते, मग मिसळणं दूरच.

२. पिगमेंट शाई. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक किंवा सेलरची किवागुरो ही उदाहरणं. यांत रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवलेले असतात. दुसरी शाई पडली की तो तोल बिघडतो आणि कण एकमेकांना चिकटतात.

३. लोह असलेली शाई, म्हणजे आयर्न गॉल. रोहरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स आणि स्कॅबिओसा, प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक, डायमाइनची रजिस्ट्रार्स या त्यातल्या. आम्लामुळे लोह विरघळलेलं राहतं. अल्कधर्मी शाई मिसळून आम्ल कमी केलंत की लोह काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसतं.

४. नूडलर्सची बेस्टेट ब्लू. ही अल्कधर्मी आहे आणि बाकीच्या बहुतेक शायांशी तिचं वाकडं आहे.

पोस्टर कलर, जलरंग, खायचा रंग, हळद यांचं तर नावच नको. जलरंगातल्या डिंकाने जीभ बुजते आणि खायच्या रंगाने बुरशीला आमंत्रण मिळतं.

सुरुवात एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेतल्या दोन रंगांनी करा. कॅमल, पार्कर क्विंक या शाया पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात, त्या पुरेशा आहेत. प्लॅटिनमची मिक्स-फ्री ही नऊ रंगांची मालिका मिसळण्यासाठीच बनवलेली आहे. महाग पडते, पण तिच्यात साक्याची धास्ती फार कमी.

> सावधान: कंपनी एक म्हणजे शाया पटणारच, असं नाही. एकाच कंपनीची लाल आणि निळी आम्ल-अल्काच्या दोन टोकांना असू शकतात. टप्पा ३ कोणालाच चुकत नाही.

## टप्पा २: सामान मांडून घ्या

- ५ मिलीच्या काचेच्या कुप्या, झाकणांसकट, दहा-बारा. होमिओपॅथीची औषधं विकणाऱ्या दुकानात रिकाम्या मिळतात. औषधाच्या जुन्या बाटल्या धुऊन वापरू नका. झाकणातला वास जात नाही, तसा तिथला अंशही जात नाही.
- १ मिलीच्या सिरिंज, ०.०१ मिलीच्या रेघा असलेल्या. प्रत्येक शाईला एक आणि पाण्याला एक. सुई नको.
- डिस्टिल्ड वॉटर. मेडिकलमध्ये किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं. बॅटरीवाल्याकडे पाण्याशेजारी ॲसिडचे कॅनही असतात, तेव्हा लेबल वाचून घ्या.
- लिहून बघायला टाक किंवा काचेचं पेन, आणि टूथपिक.
- टीपकागद. नसेल तर कॉफीचा फिल्टर पेपर.
- तुम्ही रोज ज्यावर लिहिता तोच कागद. झेरॉक्सच्या कागदावर जमवलेला रंग चांगल्या वहीत वेगळा दिसतो.
- नोंदवही, मार्कर, चिकटपट्टी.

थेंब मोजू नका, मिली मोजा. साध्या ड्रॉपरने पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. पण शाईत पृष्ठताण कमी करणारे पदार्थ असल्याने तिचा थेंब लहान पडतो, आणि दर शाईचा, दर ड्रॉपरचा वेगळा. 'दहा थेंब निळी, दोन थेंब काळी' ही कृती दुसऱ्याच्या हातात गेली की रंग बदलतो, तो यामुळेच.

नळाचं पाणी का नको? टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत नळाच्या तोटीवर पांढरे थर बसतात. तेच क्षार शाईत गेले की काही रंग खाली बसतात. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेही रंगाला चांगलं नाही. पेन विसळायला नळाचं पाणी चालेल, शाईत घालायला नाही.

ओट्यावर वर्तमानपत्र पसरा आणि हातमोजे घाला. कडप्प्यावरचा डाग निघतो. टाइल्समधल्या सांध्यांचं पांढरं सिमेंट मात्र तो कायमचा धरून ठेवतं.

## टप्पा ३: आधी पटतं का ते बघा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. समजा, 'अ' आणि 'ब' या दोन शाया मिसळायच्या आहेत.

१. पाच कुप्यांवर क्रमांक टाका आणि वरून चिकटपट्टी लावा, नाहीतर शाईच्या ओल्या हाताने आकडे पुसले जातात.

२. कुपी १: अ ०.५ मिली, ब ०.५ मिली.
कुपी २: अ ०.९, ब ०.१.
कुपी ३: अ ०.१, ब ०.९.
कुपी ४: नुसती अ, १ मिली.
कुपी ५: नुसती ब, १ मिली.

३. झाकणं लावून प्रत्येक कुपी हळूच तीन-चार वेळा उलटसुलट करा. जोरात हलवलंत तर फेस होतो आणि तवंग आहे की फेस ते कळत नाही.

४. उन्हापासून आणि गॅसपासून दूर, कपाटात उभ्या ठेवा. एक तास, एक दिवस, तीन दिवस आणि सात दिवसांनी बघा.

तीन वेगवेगळी प्रमाणं घेण्याला कारण आहे. सारख्या प्रमाणात शांत राहिलेली जोडी एका टोकाला गेली की साका टाकू शकते. कुपी ४ आणि ५ लोक वगळतात. मग साका मिसळण्यामुळे बसला की मूळ बाटलीतच जुना गाळ होता, हे ठरवता येत नाही.

बघायचं कसं? कुपी हलवू नका. खिडकीसमोर धरून अगदी सावकाश तिरपी करा. शाई सरकून गेल्यावर तळाला रवाळ थर किंवा काचेवर ठिपके राहिले, तर तो साका. पृष्ठभागावर चमकती साय दिसली तर तवंग. मग टूथपिक तळापर्यंत घालून वर काढा. टोकाला दोरा किंवा शेंबडासारखं काही आलं तर जोडी बाद. शेवटी तळाजवळचा एक थेंब टीपकागदावर सोडा. चांगली शाई पसरत जाते. बिघडलेली असेल तर मधोमध दाणेदार गडद ठिपका बसून राहतो.

कुपी गरम लागली, बुडबुडे आले किंवा वास बदलला, तर सात दिवस थांबायचीही गरज नाही. ओतून टाका.

रंगही बघा. लाल आणि रॉयल ब्लू मिसळून जांभळा करणाऱ्यांना दोन गोष्टी हमखास नडतात. बऱ्याच लाल शायांत इओसिन जातीचा रंग असतो. आम्लात तो विरघळलेला राहत नाही. रॉयल ब्लू शाया बऱ्याचदा आम्लधर्मी असतात, म्हणून लाल खाली बसतो. उलट लाल शाई जास्त अल्कधर्मी असली तर निळ्याचाच रंग उडायला लागतो, कारण रॉयल ब्लूमधला निळा अल्कात फिका पडत जातो. पहिल्या दिवशीचा छान वांगी रंग आठवड्यात गुलाबी होतो, त्यामागे बहुधा हेच असतं. वांगी किंवा आमसुली रंग हवा असेल, तर सरळ तयार व्हायोलेट शाई घेऊन ती काळीने गडद करा.

आम्ल-अल्क मोजणारी पीएच पट्टी मिळाली तर दोन्ही शाया तपासा. शाईच्या रंगाने पट्टी झाकली जाते. म्हणून टोक बुडवून, रंगाच्या पुढे सरकलेली जी फिकी ओली कड असते तिच्याकडे बघा. दोघींत तीन-चार अंकांचा फरक आला तर जोडीवर संशय ठेवा. पण फरक नाही म्हणून सात दिवसांची चाचणी सोडू नका.

> तपासा: सातव्या दिवशी कुप्या १, २, ३ कुप्या ४ आणि ५ इतक्याच स्वच्छ आहेत का? असतील तरच पुढे जा.

## टप्पा ४: शाईच्या पोटात काय आहे ते बघा

बाटलीवर 'काळी' लिहिलेलं असतं, पण आत क्वचितच एकच रंग असतो. टीपकागदाची बोटभर पट्टी कापा, खालून दीड सेंटिमीटरवर शाईचा ठिपका द्या, वाळू द्या आणि पट्टीचं टोक पाण्यात बुडवून उभी धरा. ठिपका पाण्याबाहेर राहिला पाहिजे. दहा मिनिटांत रंग सुटे होतात. क्विंकची काळी अशी सोडली तर निळसर आणि पिवळसर कडा दिसतात. ही काळी पिवळ्यात घातलीत तर हिरवट झाक येणार, हे आधीच कळतं. थोड्या वेळाचं काम आहे, बरीच शाई वाचते.

## टप्पा ५: रंग जमवा

नियम एकच: फिक्यात गडद घालायची, गडदमध्ये फिकी कधीच नाही. पिवळ्या शाईत निळीचा एक थेंब लगेच दिसतो. निळीत पिवळी घालायला लागलात तर अर्धी बाटली संपेल आणि रंग हलणार नाही.

काळी फार ताकदवान असते. तिचं आधी पातळ मिश्रण करा: काळी ०.१ मिली, पाणी ०.९ मिली. आता या मिश्रणाच्या ०.१ मिलीत काळी फक्त ०.०१ मिली आहे, म्हणजे हात थोडा चुकला तरी भागतं.

एक उदाहरण पूर्ण करू. भडक हिरवा नको, वाड्याच्या भिंतीवरच्या शेवाळासारखा शेवाळी हवा आहे. हिरव्याचा भडकपणा काळीने मरत नाही. काळीने तो नुसता अंधारतो. भडकपणा मारायला समोरचा रंग लागतो, हिरव्यासमोर लाल.

१. कुपीत हिरवी १.५० मिली घ्या. हिची टाकाने एक ओळ लिहा. हा नमुना ०.

२. लाल ०.०५ मिली घाला, कुपी चार वेळा उलटसुलट करा, टाक पुसून कोरडा करा आणि ओळ लिहा. नमुना १.

३. पुन्हा ०.०५. नमुना २. असं सहा वेळा करा. सहाव्याला लाल ०.३० मिली झालेली असेल.

४. तपकिरीकडे झुकायला लागली की थांबा. तिथून मागे येता येत नाही. आलंच तर हिरवी ओतत बसावं लागतं.

५. सगळ्या ओळी पूर्ण वाळू द्या. ओली शाई नेहमी जास्त गडद आणि चमकदार दिसते. तासाभराने, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी निवड करा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग सकाळी वेगळाच दिसतो.

समजा, नमुना ३ पसंत पडला. त्यात हिरवी १.५०, लाल ०.१५, म्हणजे प्रमाण १० ला १. हे वहीत लिहा. सोबत शायांची नावं, तारीख, कागद आणि निब.

इथे एक बारीक चूक होते. टाक बुडवल्याने जाणारी शाई नगण्य असते. पण प्रत्येक पायरीला सिरिंजने ०.१-०.२ मिली काढून नमुना ठेवलात, तर कुपीतली हिरवी कमी होत जाते आणि पुढच्या ०.०५ लालचं वजन वाढतं. वहीतलं प्रमाण आणि कुपीतला रंग मग जुळत नाहीत. नमुने साठवायचेच असतील तर प्रत्येक प्रमाणासाठी वेगळी कुपी भरा.

ब्लू-ब्लॅकसाठी रॉयल ब्लू १.८० मिलीपासून सुरुवात करून काळी ०.०२ च्या पायऱ्यांनी वाढवा. मोरपिशीसाठी टरक्वॉइजमध्ये हिरवी. विटकरीसाठी नारिंगीत थोडी तपकिरी. त्यासाठी लाल आणि हिरवी घोटत बसू नका.

> सावधान: तिसरी शाई घालायचा मोह होतो. प्रत्येक नव्या शाईसोबत रंग मळतो आणि टप्पा ३ पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. दोन शायांत जमत नसेल तर बहुधा जोडी चुकली आहे.

## टप्पा ६: पाणी किती?

रंग बरोबर पण फार गडद असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला: १० मिली शाईला ०.५ मिली, लिहून बघा, मग आणखी ०.५. साधारण १ मिलीच्या पुढे जाऊ नका. पाण्याने फक्त रंग पातळ होत नाही. बुरशी रोखणारं द्रव्य आणि प्रवाह सांभाळणारे पदार्थही पातळ होतात. शाई कागदावर फुटायला लागणं ही त्याची पहिली खूण. पावसाळ्यात मात्र आधी कागद कोरडा आहे ना ते बघा. जुलैत उघड्यावर पडलेल्या वहीवर चांगली शाईसुद्धा फुटते.

प्रवाह वाढवायला भांडी घासायचं लिक्विड, दाट करायला ग्लिसरीन किंवा डिंक, टिकायला लवंग, फिनेल... यातलं काहीही नको.

## टप्पा ७: ठरलेल्या प्रमाणाची शाई, पुन्हा सात दिवस

ठरलेलं प्रमाण आणि पाणी घेऊन ४ मिली बनवा आणि आठवडाभर ठेवा. टप्पा ३ मधलं बघणं इथेही तसंच. शिवाय त्या शाईने कागदाच्या पट्टीवर रेघा ओढा, अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्याने झाका आणि खिडकीत लावा. दोन आठवड्यांनी दोन भागांत फरक दिसला तर ही शाई डायरीला ठीक, जपून ठेवायच्या मजकुराला नाही. चेक, करारनामे, सरकारी फॉर्म यांवर मिसळलेली शाई वापरूच नका; तिथे बाजारातली पर्मनंट शाई बरी.

## टप्पा ८: पेनात भरा

पहिलं पेन स्वस्त, सहज उघडणारं आणि कन्व्हर्टरचं (म्हणजे शाई भरायची सुटी नळी असलेलं) घ्या. थेट टाकीत शाई भरायच्या ड्रॉपर पेनात एका वेळी बरीच शाई मावते, हाताच्या उबेने ती टपकते, आणि बिघडली तर सगळं पेन धुणं आलं. पिस्टनचं पेन, ज्याच्या अंगातच शाई ओढणारा दट्ट्या असतो, ते तर शेवटी.

१. पेन आधी साध्या पाण्याने धुवा. पांढऱ्या टिश्यूवर निब टेकवल्यावर रंग उमटला नाही म्हणजे धुतलं. आधीच्या शाईचा अंश म्हणजे तिसरी शाई, हे विसरू नका. गरम पाणी, स्पिरिट किंवा ॲसिटोन वापरू नका. एबोनाइटचा (कडक रबराचा) रंग जातो आणि प्लास्टिक तडकतं.

२. रात्रभर निब खाली करून टिश्यूवर ठेवा. जिभेत उरलेलं पाणी पहिलं पान फिकं करतं.

३. शाई सिरिंजने कन्व्हर्टरमध्ये भरा. निब बुडवायची असेल तर छोट्या कुपीत. मूळ बाटलीत वापरलेली निब कधीही बुडवू नका.

४. पहिल्या दिवशी एक पान लिहा. रंग टाकाच्या नमुन्यापेक्षा फिका येणार, कारण टाक जास्त शाई सोडतो. फरक खटकला तर टप्पा ५ कडे परत.

५. पेन टोपण लावून तीन दिवस आडवं ठेवा. चौथ्या दिवशी पहिल्या दोन अक्षरांत लिहायला लागलं पाहिजे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात निबवर शाई थोडी आटते, तेवढं सोडून द्या.

६. दोन आठवडे रोज वापरा. मग पांढऱ्या वाडग्यात पेन धुवा आणि पाण्याकडे नीट बघा. पाणी रंगीत येणारच. त्यात ठिपके, पापुद्रे किंवा धागे नकोत.

> अडलं तर: पेन अडखळायला लागलं की शाई काढून लगेच साध्या पाण्याने धुवा. 'थोडं लिहिलं की सुटेल' म्हणून निबवर जोर दिलात तर निबही जाईल. साका ओला असताना निघतो, वाळल्यावर जिभेच्या बारीक खाचांत घट्ट बसतो.

## टप्पा ९: मोठी बाटली

पेनात दोन आठवडे नीट चाललेलीच शाई जास्त प्रमाणात बनवा. १० ला १ हे प्रमाण असेल तर हिरवी १० मिली आणि लाल १ मिली. ११ मिली शाई बरेच महिने पुरते. ६० मिलीची बाटली एका दमात बनवू नका. इथेही फिकी आधी, गडद नंतर, आणि गडदचा शेवटचा दहावा हिस्सा राखून ठेवा. नमुन्याशी रंग पडताळून मगच तो घाला. मोठ्या मापात सिरिंज पुन्हा पुन्हा भरताना चूक साचते.

उरलेली शाई मूळ बाटलीत परत ओतू नका. एका बाटलीच्या काटकसरीपायी दोन बाटल्या जातात.

लेबलवर क्रमांक, प्रमाण आणि तारीख लिहा. बाटली कोरड्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून वास घ्या आणि टूथपिकने पृष्ठभाग बघा. कुबट वास आला किंवा वर कापसासारखं काही तरंगलं, तर ती बुरशी. गाळून शाई वाचत नाही. ओता, बाटली टाका, ती शाई असलेलं प्रत्येक पेन धुवा आणि ज्या सिरिंजनी ती बनवली त्याही टाका.